जुन्या गिटारचे ट्यूनर: दुरुस्त करायचे, तसेच नवे आणायचे, का भोकं वाढवून भारीतले बसवायचे?

माझ्या मोठ्या काकांची साठच्या दशकातली गिब्सन एलजी-झिरो गिटार आहे, अमेरिकेत शिकायला गेले होते तेव्हा घेतलेली, आणि गेल्या पावसाळ्यात ती माझ्याकडे आली. छोट्या बॉडीची, मिशिगनमधल्या कलामझूच्या कारखान्यातली, १९५८ साली गिब्सनने हे मॉडेल नवशिक्यांसाठी स्वस्तातलं म्हणून काढलं होतं आणि सुरुवातीची बरीच वर्षं पुढची पाटीसुद्धा महोगनीचीच असायची. आवाज अजून गोड आहे पण सूर टिकेना. हेडस्टॉकच्या, म्हणजे गिटारच्या वरच्या टोकाच्या, मागे दोन लांब पट्ट्या, एकेका पट्टीवर तीन ट्यूनर, म्हणजे तार ताणायच्या चाव्या, पांढरी प्लॅस्टिकची बटणं, त्यातली दोन हातात घेतली की चुरा होऊन पडत होती. तेव्हापासून ज्यांच्याकडे अशी जुनी गिटार आहे असे तीन-चार जण मला हाच प्रश्न विचारून गेलेत, म्हणून सगळं एकदाच नीट लिहितो.

पण आधी एक गोष्ट तपासा, कारण यात लोकांचे पैसे उगाच जातात. सूर उतरतोय म्हणजे ट्यूनरच गेलेत असं नसतं. तार वर घेताना 'टिंग' असा आवाज येतो आणि सूर एकदम उडी मारतो, तर ती तार नटच्या, म्हणजे हेडस्टॉकपाशी तारा ज्या खाचांतून जातात त्या पट्टीच्या, खाचेत अडकतेय, ट्यूनरचा काही संबंध नाही. मऊ पेन्सिलीच्या शिशाची पूड खाचेत घाला, तेवढ्याने भागलं नाही तर खाच नीट करून घ्या. दुसरं, पोस्टवर, म्हणजे तार गुंडाळते त्या खुंटीवर, तारेचे सहा-सात वेढे एकावर एक चढलेले असतील तर तार हळूहळू बसत राहते आणि सूर उतरतच राहतो, जाड तारांना दोन-तीन वेढे पुरतात. हे दोन्ही ठीक असेल तरच ट्यूनरकडे वळा.

ट्यूनरमध्येसुद्धा नेमकं काय बिघडलंय ते बोटांनी कळतं. बटण फिरतंय पण आतली दांडी फिरत नाही, म्हणजे फक्त बटण गेलंय. बटण पाव फेरा फिरवलं तरी पोस्ट हलत नाही आणि मग हलायला लागतं, म्हणजे गिअरमध्ये ढिलाई आहे, थोडी असेल तर चालते, नेहमी खालून वर सुरात यायची सवय ठेवली की ती जाणवत नाही. गिअर उघडे असतील तर पोस्टच्या टोकावरचा छोटा स्क्रू आधी आवळून बघा, आमच्या सहापैकी तीन ट्यूनर तेवढ्यावरच सुधारले. आणि फिरवताना कट्-कट् करत दात घसरतोय, तार स्वतःहून मागे फिरतेय, तर मात्र दाते झिजलेत आणि तिथे तेल-ग्रीस काही करणार नाही.

आता पर्याय. पहिला, आहेत तेच ठेवून बटणं बदलायची आणि साफसफाई करायची. माझं मत सरळ आहे, दाते शाबूत असतील तर दुसरं काही करूच नका. सगळ्यात कमी खर्च, गिटारला एक ओरखडा नाही, आणि जुनी गिटार विकायची वेळ आलीच तर मूळ हार्डवेअरला किंमत असते. या जुन्या ट्यूनरची बटणं आकसतात, चिरतात, पिवळी पडतात, त्यातली काही सेल्युलॉइडची असतात आणि ती सडताना जो वायू सोडतात त्याने शेजारचा धातूही गंजतो, म्हणजे सडकं बटण तसंच ठेवणं हा पर्याय नाहीच. मुंबई-कोकणात केस बंद करून वर्षानुवर्षं ठेवलेल्या गिटारीत दमटपणाची त्यात भर.

काम कसं होतं ते सांगतो, म्हणजे आपल्याच्याने होईल का याचा अंदाज येईल. तारा काढायच्या, दोन्ही पट्ट्या गिटारवरून सोडवून टेबलावर घ्यायच्या, गिटारवर असताना हे करायचं नाही. जुनं बटण पकडीने हलकेच चिरडून काढायचं, त्याला आच अजिबात लावायची नाही कारण सेल्युलॉइड भसकन पेटतं. दांडीचा चपटा भाग ब्रशने गंज काढून स्वच्छ करायचा. मग सोल्डरिंग आयर्नचं टोक त्या दांडीला टेकवून ती तापवायची, आणि नवं बटण, ज्याला आधीच अरुंद भोक असतं, ते सरळ धरून दाबायचं. प्लॅस्टिक आतून मऊ होतं आणि लोण्यात सुरी गेल्यासारखी दांडी आत जाते. पट्टीला चिकटेपर्यंत दाबू नका, कागद जाईल एवढी फट ठेवा नाहीतर बटण घासत राहील, आणि गार होईपर्यंत हाताने तिरकं होऊ देऊ नका. माझं पहिलं बटण किंचित वाकडं बसलं आणि ते फिरवताना अजून डोळ्यांना खुपतं, पुढची पाच सरळ आली. गिअर लायटरच्या पेट्रोलने टूथब्रश घेऊन धुतले, वाळवले, आणि टाचणीच्या टोकाएवढं लिथियम ग्रीस लावलं. कव्हर असलेल्या जुन्या क्लुसन कंपनीच्या ट्यूनरना कव्हरवर बारीक भोक असतं, ते तेलासाठीच आहे, शिलाई मशीनचं तेल एक थेंब पुरे.

दुसरा पर्याय, दाते गेलेच असतील तर जुन्यासारखेच नवे. क्लुसन ही शिकागोची जुनी कंपनी, मूळ कंपनी बंद पडली पण ते नाव नंतर परत आलं आणि आज त्याच चेहऱ्याच्या पट्ट्या नव्या मिळतात, गोटोह या जपानी कंपनीचेही जुन्या धाटणीचे ट्यूनर आहेत आणि मला त्यांचं काम जास्त सुबक वाटतं. इथे फसायला होतं ते मापात. पट्टी असेल तर एका पोस्टच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये जुळलंच पाहिजे, अर्धा मिलिमीटर चुकलं तरी पोस्ट भोकात तिरका बसतो आणि फिरताना घासतो. फोटो बघून ऑर्डर करू नका. जुनी पट्टी काढून तिच्यावर पातळ कागद ठेवा आणि पेन्सिल आडवी धरून घासा, लहानपणी नाण्यावर करायचो तसं, सगळी भोकं कागदावर उमटतात, मग त्यावरून व्हर्नियरने, म्हणजे बारीक माप घ्यायच्या पट्टीने, मोजा. डावी-उजवी पट्टी वेगळी असते हेही बघा.

पट्टीचं माप जुळतच नसेल तर सुटे सहा ट्यूनर त्याच पोस्टच्या भोकांत बहुतेक वेळा बसतात, फक्त स्क्रूची जागा बदलते आणि मागे जुन्या पट्टीची सावली वार्निशवर दिसत राहते. मला ती सावली चालली असती, काही लोकांना नाही चालत. याच जातीत सगळ्यात वरचे म्हणजे वेव्हर्ली, उघड्या गिअरचे, १६:१ रेशोचे (रेशो म्हणजे काय ते पुढे येतं), हातात घेतले की फरक कळतो पण किमतीत साध्या गिटारची अर्धी रक्कम जाते आणि वर कस्टम ड्यूटी. एलजी-झिरोसारख्या गिटारला मी नाही घालणार, मार्टिन कंपनीच्या चांगल्या जुन्या गिटारला घातले तर समजू शकतो.

तिसरा, ज्याचा मोह सगळ्यांना होतो, ग्रोव्हर रोटोमॅटिक किंवा तसलेच सीलबंद ट्यूनर. ग्रीस आत भरलेलं, कधी उघडायचं नाही, गुळगुळीत फिरतात, धूळ-दमट हवा आत जात नाही. रोज प्रोग्रॅम करणाऱ्या माणसासाठी खरंच चांगले. पण जुन्या गिटारमधलं भोक साधारण पावणेनऊ मिलिमीटरचं आणि यांना लागतं १० मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे लाकूड कापावं लागतं आणि कापलेलं लाकूड परत येत नाही. माझ्या मित्राच्या साठ वर्षांच्या गिटारवर एका रिपेअरवाल्याने हँड ड्रिल सरळ घातलं, रीमरने, म्हणजे भोक खरवडून मोठं करायच्या हत्याराने, हळूहळू वाढवायचं सोडून, आणि हेडस्टॉकच्या पुढचं काळं पॉलिश दोन भोकांभोवती नखाएवढं उडालं. त्याचा चेहरा मला अजून आठवतो. शिवाय हे ट्यूनर जड, छोट्या हलक्या गिटारचं तोंड पट्टा लावला की खाली जायला लागतं. त्यामुळे भोकं आधीच कुणीतरी वाढवलेली असतील तरच हा पर्याय माझ्या यादीत येतो. आणि तशी वाढवलेली गिटार मिळाली असेल तरी परतीची वाट आहे, बाहेरून १० मिलिमीटर आणि आतून पाव इंची पोस्टला बसतील अशी कन्व्हर्जन बुशिंग, म्हणजे भोकात बसणाऱ्या धातूच्या कड्या, मिळतात, ती दाबून बसवली की जुन्या धाटणीचे ट्यूनर पुन्हा लागतात.

रेशोबद्दल सगळे विचारतात. १२:१ म्हणजे बटणाचे १२ फेरे झाले की पोस्टचा एक. पाव इंची पोस्टचा घेर साधारण २० मिलिमीटर, म्हणजे बटणाच्या एका फेऱ्यात १२:१ वर तार दीड मिलिमीटरहून थोडी जास्त ओढली जाते, १८:१ वर एक मिलिमीटरच्या जरा वर. बारीक सूर लावायला १८:१ सोपं, तार बदलायला वेळ जास्त. पण रेशो वाढवल्याने सूर जास्त टिकतो हे खरं नाही, टिकणं दात किती घट्ट बसलेत त्यावर आहे, त्यामुळे फक्त आकडा बघून खरेदी करू नका.

काहीही निवडलं तरी शेवटी स्क्रूपाशी येतंच. जुने बारीक स्क्रू आहेत, जोर लावला की डोकं तुटून निम्मा स्क्रू लाकडात राहतो. काढताना आधी किंचित आवळून मग सोडवा. परत लावताना आट्यांना साबण किंवा मेण चोळा आणि आधी उलटा फिरवा, टक् करून जुन्या आट्यात पडला की मगच सुलटा, नाहीतर लाकडात दुसरे आटे पडतात आणि स्क्रू कायमचा लूज. आमच्या दोन भोकांत आटे राहिलेच नव्हते, तिथे टूथपिकचं टोक फेविकॉल लावून घातलं, कापून सपाट केलं, आणि रात्रभर तसंच ठेवलं, तारा दुसऱ्या दिवशी चढवल्या.