घर ट्रस्टच्या नावावर केलं: काउंटी रेकॉर्डरकडे डीड नोंदवल्यानंतरचे आठ महिने

गेल्या मे महिन्यात आमचं कॅलिफोर्नियातलं राहतं घर आम्ही आमच्या लिव्हिंग ट्रस्टच्या नावावर केलं (हयातीतच केलेला, हवा तेव्हा रद्द करता येणारा ट्रस्ट). डीड, म्हणजे मालकी हस्तांतराचा दस्त, स्वतःच तयार केलं आणि काउंटी रेकॉर्डरकडे, म्हणजे इथल्या नोंदणी कार्यालयात, नोंदवलं. तेव्हा लगेच लिहिणार होते, पण टॅक्सचं बिल हातात पडेपर्यंत थांबले. आता आठ महिने झालेत.

मुळात हा खटाटोप कशासाठी? इथे माणूस गेल्यावर, मृत्युपत्र असलं तरी, घर प्रोबेट कोर्टात (मालमत्ता वारसांकडे सोपवण्याचं काम बघणारं कोर्ट) अडकू शकतं आणि तिथली वकिलाची फी कायद्यातच ठरवून दिलेली आहे. पहिल्या १ लाख डॉलरवर ४ टक्के, पुढच्या लाखावर ३ टक्के, त्यापुढच्या ८ लाखांवर २ टक्के. म्हणजे १० लाखांच्या घराला २३ हजार डॉलर, आणि एक्झिक्युटरलाही (मृत्युपत्र अमलात आणणाऱ्याला) तेवढेच मागता येतात. हिशोब घराच्या पूर्ण किमतीवर होतो, कर्ज कितीही बाकी असो. ट्रस्टच्या नावावर केलेलं घर या सगळ्यातून सुटतं. आमचा ट्रस्ट चार वर्षांपूर्वीच झाला होता. जाडजूड फाइल कपाटात होती, घर मात्र अजून आम्हा दोघांच्या नावावरच. मैत्रिणीच्या सासऱ्यांच्या बाबतीत नेमकं हेच झालं होतं, ट्रस्ट होता आणि घर त्यात घातलेलंच नव्हतं. तिची दीड वर्षाची धावपळ मी जवळून पाहिली आणि मग हे काम पुढे ढकलवेना.

पुण्यात बाबांच्या फ्लॅटच्या वेळी मी दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात बसलेली आहे. कॅमेऱ्यासमोर फोटो, अंगठा, ओळख पटवायला दोन माणसं आणि शेवटी हातात इंडेक्स-२. तीच पद्धत डोक्यात होती. इथे रेकॉर्डर तुम्हाला बघतसुद्धा नाही, तो फक्त कागद बघतो. तुमची ओळख पटवतो तो नोटरी. त्याने आमची लायसन्स पाहिली, सहीमागे १५ डॉलर घेतले (कायद्याने त्याहून जास्त घेता येत नाहीत) आणि आपल्या वहीत आमच्या उजव्या अंगठ्यांचे ठसे घेतले. त्या ठशाने मला फार बरं वाटलं, खरं सांगते.

रेकॉर्डर काय तपासतो, तर कागदाचं बाहेरचं रूप. पान साडेआठ बाय अकरा इंचांचं हवं. पहिल्या पानाचा वरचा उजवा कोपरा त्याच्या शिक्क्यासाठी कोरा हवा आणि डावीकडे कागद परत कुठे पाठवायचा तो पत्ता. ट्रान्सफर टॅक्स (मालकी बदलताना लागणारा कर) किती, आणि नसेल तर का नाही, ते लिहिलेलं हवं. आतला मजकूर बरोबर आहे का, हे बघणं त्याचं कामच नाही. चुकीच्या प्लॉटचं डीडही तो तितक्याच व्यवस्थित नोंदवून घेईल.

म्हणून एक रविवार आम्ही फक्त लीगल डिस्क्रिप्शनला दिला. घराचा पत्ता पुरत नाही. जुन्या डीडमधलं ‘लॉट अमुक, नकाशांच्या अमुक पुस्तकातलं अमुक पान’ हे वर्णन जसंच्या तसं उतरवावं लागतं. नवरा जुन्या डीडमधून एकेक शब्द मोठ्याने वाचत होता, स्वल्पविरामसुद्धा, आणि मी नव्यावर पेन्सिलने टिंब देत होते. तिसऱ्या ओळीत हात थांबला. पानाचा आकडा ३८, मी टाइप केला होता ८३. पोटात गोळा आला. त्यानंतर आम्ही तो अख्खा परिच्छेद उलटीकडून, शेवटच्या शब्दापासून पुन्हा वाचला.

एवढं करूनही पहिल्यांदा कागद परत आला. कारण नोटरीचा शिक्का. शाई पसरली होती आणि कडेची चौकट अर्धी उठलीच नव्हती. स्कॅनमध्ये शिक्का स्पष्ट वाचता यायलाच हवा. नोटरीच्या टेबलावर मी सह्या तपासल्या, स्पेलिंग तपासलं, शिक्क्याकडे नीट पाहिलंच नाही. तीन आठवडे त्यात गेले. तुम्ही मात्र तिथून उठण्याआधी शिक्का उजेडात धरून बघा.

पैशांचं थोडक्यात. विक्री नसल्यामुळे ट्रान्सफर टॅक्स लागला नाही. २०१८ पासून बऱ्याच कागदांवर ७५ डॉलरची जादा फी आहे, त्यातून आम्ही राहत्या घराची सूट मागितली. ती मागणी पहिल्या पानावरच लिहावी लागते. सोबत मालकी बदलाचा प्राथमिक अहवाल भरून द्या, नाहीतर २० डॉलर वेगळे. त्यात रद्द करता येणाऱ्या ट्रस्टसाठी वेगळी चौकट आहे, तीवर खूण विसरू नका. मालकी बदलली की टॅक्ससाठी घराचं पुन्हा मूल्यांकन होतं; इथे ते करायचं नाही, हे कार्यालयाला त्या खुणेवरून कळतं. मालकी बदलली म्हणून बँक उरलेलं सगळं कर्ज एकदम मागेल ही भीती मलाही होती. पण स्वतःच लाभार्थी असलेल्या अशा ट्रस्टमध्ये राहतं घर घातलं म्हणून बँकेला तसं करता येत नाही, १९८२ च्या केंद्रीय कायद्याने ते संरक्षण दिलंय.

मूळ डीड जूनमध्ये पोस्टाने घरी आलं, वर नोंदणी क्रमांक, तारीख आणि वेळसुद्धा. पाठोपाठ पत्रांची रांग लागली. ‘आपल्या डीडची प्रमाणित प्रत मागवा’, वर मुदत, खाली शंभराच्या आसपास रक्कम, आणि दिसायला थेट सरकारी बिल. आपण सरकारी कार्यालय नाही, हे त्यांना पत्रावर छापावंच लागतं, पण घाईत कोण वाचतं? नोंद सार्वजनिक असते, त्यामुळे नावं आणि पत्ते त्यांना आयते मिळतात. खरी प्रत हवी असेल तर काउंटीतूनच मागवा, अगदी थोड्या पैशांत मिळते. आमच्या गल्लीतल्या एका काकूंनी अशाच एका पत्राला चेक पाठवला होता. त्यांचं मूळ डीड त्यांच्याच खणात होतं. ते बाहेर काढून दाखवलं तेव्हा त्यांचे डोळे भरून आले आणि मला त्या पत्रवाल्यांचा इतका राग आला की काय सांगू.

ऑक्टोबरमध्ये टॅक्सचं बिल आलं. पाकीट फोडताना छातीत धडधडत होतं. १९७८ च्या प्रपोझिशन १३ या कायद्यामुळे मूल्यांकन वर्षाला जास्तीत जास्त २ टक्के वाढतं, तेवढंच वाढलं होतं. बाकी सगळं जसंच्या तसं.

सरळ ट्रस्टचं काम असेल, तर मी पुन्हा स्वतःच करीन. घटस्फोट, भावंडांचा वाटा किंवा मुलांच्या नावावर घर करणं असलं काही असेल, तर वकिलाकडेच जाईन. तिथे डीडमधल्या एका शब्दाने टॅक्स बदलतो आणि नोंद झाल्यावर तो शब्द खोडता येत नाही, त्यासाठी नवीन डीड करावं लागतं. ट्रस्टच्या फाइलमध्ये आता डीडही लावलंय आणि ती कुठल्या खणात आहे ते मुलीला दाखवून ठेवलंय.