ईजीएफ आणि टीजीएफ-बीटा: एक पेशी वाढवतं, दुसरं आवरतं
जीवरसायनशास्त्रज्ञ स्टॅनली कोहेन यांनी उंदराच्या लाळग्रंथींचा अर्क नवजात पिल्लांना टोचला आणि त्यांचे डोळे वेळेआधीच उघडले. त्यामागचं प्रथिन म्हणजे ईजीएफ (एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर). १९८६ साली कोहेन यांना विभागून नोबेल मिळालं. ईजीएफ त्वचेच्या वरच्या थरातल्या केराटिनोसाइट पेशींचं विभाजन वाढवतं, जखम झाली की त्यांना कडेकडून आत सरकवतं.

टीजीएफ-बीटा (ट्रान्सफॉर्मिंग ग्रोथ फॅक्टर-बीटा) हे दुसरं प्रथिन त्याच पेशींचं विभाजन रोखतं. खालच्या थरात मात्र तेच फायब्रोब्लास्ट या पेशींकडून भरपूर कोलॅजन (त्वचेला बळकटी देणारं प्रथिन) बनवून घेतं. अति झालं की जाड व्रण उरतो. मला हे दुसरंच जास्त विलक्षण वाटतं.

तरी ईजीएफचा रिसेप्टर (पेशीवरची ईजीएफला पकडणारी जागा) किती मोलाचा, हे कर्करोगाच्या रुग्णांत दिसतं: तो अडवणारी औषधं सुरू झाली की अनेकांच्या चेहऱ्यावर, छातीवर मुरुमांसारखं पुरळ उठतं.