गल्लीतल्या फ्रेंच बेकरीचा नऊ महिन्यांचा अनुभव: पाव डोळे मिटून घ्या, अंड्याचं मात्र विचारून घ्या

फेब्रुवारीच्या शेवटी आमच्या इथे कोथरूडला, घरापासून चालत सात-आठ मिनिटांवर ही बेकरी सुरू झाली आणि आता नोव्हेंबर संपत आलाय, म्हणजे नऊ महिने मी आठवड्यातून दोनदा तरी जातेच आहे. उद्घाटनाच्या आठवड्यात सगळेच फोटो टाकतात, पाच स्टार देतात, पण उन्हाळा आणि पावसाळा काढल्याशिवाय बेकरी कशी आहे ते कळत नाही असं माझं स्पष्ट मत झालंय, म्हणून आत्ता लिहितेय. नाव मुद्दाम टाकत नाहीये कारण खाली एक मोठी तक्रार आहे आणि ती बऱ्यापैकी सुटली पण आहे, उगाच त्यांच्या नावाला ती कायमची चिकटायला नको.

आधी बगेतबद्दल, म्हणजे लांब, कुरकुरीत कवचाच्या फ्रेंच पावाबद्दल, कारण तीच इथली खरी वस्तू आहे. काचेतल्या टार्ट आणि पेस्ट्रीकडे सगळ्यांचं लक्ष जातं आणि मागे टोपलीत उभ्या ठेवलेल्या लांब पावांकडे कोणी बघत नाही. फ्रान्समध्ये १९९३ साली चक्क सरकारी नियम झाला की पारंपरिक बगेत म्हणायचं असेल तर गव्हाचं पीठ, पाणी, मीठ आणि यीस्ट किंवा आंबवण, बाहेरचं कुठलंही ॲडिटिव्ह नाही आणि कणीक फ्रीझ करायची नाही. २०२२ मध्ये युनेस्कोने ही बगेत करायची कला वारसा म्हणून यादीत घेतली. इथल्या ताई (त्या स्वतः पहाटे भाजतात, काउंटरवर क्वचित दिसतात) म्हणाल्या की त्या पण याच चार गोष्टी वापरतात, फक्त पीठ रात्रभर थंडीत आंबवतात. ते चवीत कळतं. नुसता तुकडा तोडून खाल्ला तरी गव्हाचा गोडसरपणा येतो, बाहेरून दाबलं की कुरकुर आवाज, आत छान मोठी मोठी जाळी. १२० रुपयांना साधारण पाव किलोची एक. आमच्याकडे चौघांना संध्याकाळी मटकीच्या उसळीबरोबर एक पुरत नाही, दोन लागतात.

एक गोष्ट मात्र समजून घ्या, सकाळची बगेत रात्री कडक होते आणि दुसऱ्या दिवशी तर काठीच. ह्यावरून लोक काउंटरवर भांडताना मी स्वतः पाहिलंय, पण तो दोष नाही हो. आपला नेहमीचा स्लाइस ब्रेड चार दिवस मऊ राहतो कारण त्यात तेल, साखर, मऊ ठेवणारे पदार्थ असतात आणि ह्यात यातलं काहीच नाही. आणि कृपा करून फ्रिजमध्ये ठेवू नका. पाव शिळा होतो तो नुसता वाळून नाही, त्यातला स्टार्च परत घट्ट होतो म्हणून, आणि फ्रिजच्या थंडीत ते सगळ्यात लवकर होतं. रात्रीचा भात सकाळी फ्रिजमधून काढला की दाणा दाणा कडक लागतो ना, तेच. उरला तर कापून फ्रीझरमध्ये टाका आणि खाताना पाण्याचा हात लावून ओटीजीत (घरगुती ओव्हनमध्ये) गरम करा, नाहीतर सरळ फोडणीचा पाव करा, बगेतचा फोडणीचा पाव लादी पावापेक्षा चांगला होतो कारण गिचका होत नाही.

जुलै-ऑगस्टमध्ये हवेतल्या ओलाव्याने कवच तासाभरात मऊ पडायचं आणि त्यात भर म्हणजे पावसाचं म्हणून त्यांनी गरम पाव प्लास्टिकच्या पिशवीत द्यायला सुरुवात केली, घरी येईपर्यंत आत घाम सुटलेला असायचा. मी दोनदा सांगितलं, बाकीच्यांनी पण सांगितलं असणार, मग दुहेरी कागदी पिशवी आली. आता मी स्वतःची कापडी पिशवी नेते.

आता क्रोसाँ, म्हणजे बटरचे पदर असलेला फ्रेंच पाव, १४० रुपये. हे पुण्यात महाग आहे हे मान्य, आपटे रोडला संतोषचं पॅटिस आणि कॅम्पात १९५५ पासूनच्या कयानीची श्रुजबेरी ह्यावर वाढलेली आपण माणसं, एका पोकळ दिसणाऱ्या गोष्टीला एवढे पैसे द्यायला हात धजत नाही. आईला पहिल्यांदा दाखवला तेव्हा तिने पदर सोडवून बघितले आणि म्हणाली, "हे तर भाजलेले चिरोटेच की गं." बरोबरच आहे. आपण चिरोट्याला मधे साटा लावतो तसं हे कणकेत बटर लाटतात, तीनदा तिहेरी घडी घातली की बटरचे २७ थर होतात, भट्टीत बटरमधल्या पाण्याची वाफ होते आणि ती पदर उचलते. शिवाय कणकेत यीस्ट असतं म्हणून आतून पावासारखी जाळी. खारीत सहसा यीस्ट नसतं आणि बहुतेक ठिकाणी बटरऐवजी मार्जरिन असतं जे गरमीत टिकतं, म्हणून खारी मे महिन्यात पण खुसखुशीत मिळते. बटर ३२-३५ डिग्रीला वितळतं आणि लाटताना तर त्याच्या निम्म्याने थंड लागतं, एप्रिलमध्ये पुणं ४० ला गेल्यावर काय होणार! तेव्हाचे क्रोसाँ खरंच वाईट होते, तळाला तुपकट, पदर एकमेकांत मिसळलेले, वजनदार. दोन आठवडे असं चाललं आणि किंमत तीच, हे मला पटलं नाही. मेमध्ये त्यांनी क्रोसाँ चक्क बंदच ठेवले, बोर्ड लावला की आतल्या खोलीचा एसी बदलतोय तोपर्यंत मिळणार नाहीत. वाईट माल विकण्यापेक्षा न विकणं, हे मला फार आवडलं आणि माझा विश्वास खरा तिथे बसला. जूनपासूनचे उत्तम आहेत. सकाळी नऊच्या आत जा, घरी मायक्रोवेव्हमध्ये घालू नका रबर होतो, ओटीजीत १६० वर पाच मिनिटं, ओटीजी नसेल तर कढईत ताटली ठेवून झाकण घालून मंद आचेवर.

आता तक्रार. माझ्या आईने बहात्तर वर्षांत कधी अंडं खाल्लेलं नाही. मी आणि मुलं खातो, घरात वेगळं भांडं आहे, त्याचा तिने कधी बाऊ केला नाही पण तिचं तिने पाळलंय. ऑगस्टमध्ये, श्रावणातच, मी बदामाचा क्रोसाँ घेताना काउंटरवरच्या मुलाला विचारलं ह्यात अंडं आहे का, तो लगेच नाही म्हणाला, अगदी खात्रीने. आईने अर्धा खाल्ला, आवडला, पुढच्या आठवड्यात तिने स्वतः मागितला. त्या दिवशी नेमक्या ताई बाहेर होत्या आणि मी सहज विचारलं की हे आतलं सारण कसं करता, घरी करून बघेन. तर त्या म्हणाल्या बदाम पूड, बटर, साखर आणि अंडी.

मी तिथेच उभी राहिले, काय बोलावं कळेना. त्यांना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला, पहिल्यांदा माफी मागितली, पैसे परत किंवा फुकट केक असलं काही पुढे केलं नाही, आणि ते बरंच झालं कारण त्यावेळी मला ते सहनच झालं नसतं. घरी येऊन आईला सांगितलं. न सांगता चाललं असतं पण मला ते जमणारच नव्हतं. ती थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली तुझी चूक नाही, तू विचारलं होतंस. त्या दिवशी संध्याकाळी ती जेवली नाही. हे लिहिताना अजून पोटात तुटतं.

पॅकेटबंद खाण्यात अंडं असलं की तपकिरी खूण छापावीच लागते, आपण ती बघून घेतो. सुट्या ट्रेमधल्या वस्तूंवर काहीच नसतं, तिथे आपण समोरच्या माणसाच्या शब्दावर खातो आणि म्हणून त्या माणसाला माहीत नसेल तर त्याने "विचारून सांगतो" एवढंच म्हणायला हवं. तेवढं शिकवायला दुकान उघडायच्या आधीचा एक दिवस पुरला असता. साधारण दहा दिवसांनी गेले तर प्रत्येक ट्रेसमोर मराठीत पाटी, हिरवा किंवा तपकिरी ठिपका, आणि साध्या क्रोसाँसमोर लिहिलेलं की कणकेत अंडं नाही पण वरून फेटलेलं अंडं लावलंय. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे कारण ती चकाकी अंड्यामुळे येते हे बहुतेकांच्या डोक्यातच येत नाही. आता दूध लावलेले क्रोसाँ वेगळ्या ट्रेत ठेवतात, जरा फिके दिसतात, चवीला तसेच.

अजून अपुरं काय आहे तर चिमटा सगळ्या ट्रेना एकच वापरतात, मी दरवेळी वेगळा मागून घेते, आणि दिवाळीत नवीन मुलगी आली होती तिला पाटी वाचूनच सांगावं लागत होतं. ज्यांच्याकडे अंडं चालत नाही त्यांच्यासाठी सांगते, कुठल्याही अशा बेकरीत बगेत आणि साधा सावरडो (आंबवणाचा पाव) बहुतेक वेळा बिनधास्त, पण ब्रिओश (बटरचा मऊ पाव), मॅडलेन (छोटे केक), मॅकरॉन (बदामाची बिस्किटं), कीश (खारा टार्ट) ह्यांच्या मूळ कृतीत अंडं असतंच, आणि बदामाचा क्रोसाँ तर मुळात आदल्या दिवशीचे उरलेले क्रोसाँ पाकात भिजवून, अंड्याचं सारण भरून परत भाजायची पद्धत आहे. शिळ्याचं सोनं करायची ही युक्ती चांगलीच आहे, त्यात फसवणूक नाही, फक्त आधी माहीत पाहिजे.

बाकी पटकन. लिंबाचा टार्ट छान आंबट, चॉकलेट एक्लेअर ठीक, वाढदिवसाचे केक इथून घेऊ नका, लहान आणि महाग. कॉफी साधारण. बसायला दोनच टेबलं. रविवारी आठपासून रांग असते आणि गल्लीत चारचाकी लावायचा विचारही करू नका, शेजारच्या सोसायटीचे काका रोज वैतागतात आणि त्यांचं बरोबर आहे.

आई आता परत तिथलं खाते, फक्त बगेत. परवा मी दोन आणल्या तर एक तिने स्वतःच्या हाताने कापली, लोणी आणि लसणाची चटणी लावून मुलांना दिली, आणि मला म्हणाली शनिवारी मावशी येणार आहे तेव्हा तीन आण. शनिवारसाठी शुक्रवारी फोन करून सांगावं लागतं, अकरानंतर शिल्लक नसते. सोमवारी बंद.