देआसरा: फॉर्म भरायला नको, फॉर्मच्या आधी जा

आनंद देशपांडे यांनी १९९० साली पुण्यात पर्सिस्टंट सिस्टिम्स काढली, आणि पुढे छोट्या धंदेवाल्यांसाठी देआसरा फाउंडेशन. सॉफ्टवेअरवाल्याचं समाजकार्य म्हटलं की शाळेत संगणक वाटप डोळ्यांसमोर येतं. इथलं गिऱ्हाईक मात्र पोळी-भाजी केंद्र, पापड, शिवणकाम, गॅरेजवालं. संस्था पदरचं कर्ज देत नाही. नोंदणी, कर्जाची कागदपत्रं, धंद्याचं नियोजन यात हात देते, तेही मराठीत. चेकलिस्ट पाहिल्या की मूळ पेशा कळतोच.

नुसत्या उद्यम नोंदणीसाठी, म्हणजे छोट्या धंद्यांच्या सरकारी नोंदणीसाठी, कुणाकडेच जायची गरज नाही. सरकारी पोर्टलवर ती फुकट होते. आधार, पॅन आणि आधारला जोडलेला मोबाइल हाताशी हवा. सरकारी भासणाऱ्या खासगी साइट पैसे घेतात, त्यांच्यापासून लांब राहा. सल्ला हवा तो एनआयसी कोड, म्हणजे धंद्याचा प्रकार सांगणारा सरकारी आकडा, निवडताना. पापड स्वतः करून विकत असाल तर १०७९६, मसाले दळत असाल तर १०७९५. ‘दुकानच आहे ना’ म्हणत किरकोळ विक्रीचा, ४७ने सुरू होणारा कोड टाकला की तुम्ही व्यापारी ठरता. व्यापाऱ्यांना २०२१पासून उद्यम नोंदणी मिळते खरी, पण फायदा फक्त प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरता, म्हणजे बँकांनी ठरावीक क्षेत्रांना द्यायच्या कर्जापुरता. मग हॉटेलवाल्याने पापडाचे पैसे चार महिने दाबून ठेवले, तरी ४५ दिवसांची कमाल मुदत आणि रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज, ही सूक्ष्म-लघु उत्पादकाची ढाल हाती राहत नाही. कोड मागाहून बदलता येतो. आधीच अडकलेल्या बिलाला त्याचा उपयोग होईल या भरवशावर राहू नका.

सल्ला लागतो अशी दुसरी जागा कर्जासाठी बँकेला द्यायच्या प्रकल्प अहवालाची. मुद्रा या सरकारी कर्ज योजनेत शिशु ५० हजारांपर्यंत, किशोर ५ लाखांपर्यंत, तरुण १० लाखांपर्यंत. आकडा लहान असूनही अर्ज अडतो, कारण कोटेशनवर जीएसटी नंबर नसतो, भाडेकरारात जागा राहण्यासाठी लिहिलेली असते आणि विक्री पहिल्या महिन्यापासून भरघोस दाखवलेली असते. पापडवाल्यांच्या अहवालात तर पावसाळ्यात वाळवण थांबतं याचा पत्ताच नसतो! उधारीचंही तसंच. महिन्याला ४० हजारांचा माल दोन महिन्यांच्या उधारीवर जात असेल तर ८० हजार कायम बाहेर अडकलेले. मशीनपुरतं कर्ज काढलं की तिसऱ्या महिन्यात उडीद डाळ घ्यायला पैसे उरत नाहीत. देआसराच्या मार्गदर्शकासमोर बसून बारा महिन्यांचा आवक-जावक तक्ता मांडून घ्या. आमच्या मते तिथे जाण्याचं खरं कारण हेच.

मर्यादाही आहे. ‘पापडाला भाव काय लावू?’ असं रिकाम्या हाताने विचारलंत तर उत्तर ढोबळच मिळणार. एका किलोमागे डाळ, पापडखार, तेल, मजुरी, पिशवी आणि तुटलेला माल, एवढं वहीत लिहून न्या. सोबत सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट आणि जागेचं वीजबिल.