गुगल फोटोज बरेच महिने वापरल्यावर: चढवणं सोपं, पुसणं जपून

माझा आणि आईचा अँड्रॉइड, नवऱ्याचा आयफोन, आणि तिघांत मिळून गुगलची १०० जीबीची जागा. घेतली तेव्हा महिन्याला १३० रुपये पडत होते. फुकटच्या १५ जीबीत फोटो, जीमेल आणि ड्राइव्ह हे सगळं येतं. ती भरली की मेल येणंसुद्धा थांबतं, त्यामुळे पैसे भरायचा निर्णय खरं तर फोटोंनी नाही, मेलनेच घ्यायला लावला.

बॅकअपबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही. 'फक्त वायफायवर' असं ठरवून दिलं आणि रात्री फोन चार्जिंगला लावला की दिवसभराचं सगळं सकाळपर्यंत वर गेलेलं असतं. जपायचं आहे ते पुसताना.

फोन भरला, फोटो क्लाउडवर (म्हणजे गुगलकडे) आहेतच, मग इथले उडवू, असा सगळ्यांचाच हिशोब असतो. पण गुगल फोटोजच्या आतून साधं डिलीट केलं की फोटो फोनमधूनही जातो आणि क्लाउडवरूनही. ६० दिवस ट्रॅशमध्ये राहतो, तेवढ्यात लक्षात आलं तर परत मिळतो. फक्त फोनमधला काढायचा असेल तर 'डिलीट फ्रॉम डिव्हाइस' हा पर्याय वेगळा आहे. आयफोनवर आयक्लाउड फोटोज चालू असेल तर तिथेही एका जागी पुसलं की सगळीकडचं जातं आणि मुदत मिळते ती ३० दिवसांची. सॅमसंगची गॅलरी मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्हशी जोडलेली असेल तर तिचाही न्याय तोच. थोडक्यात, कुठल्या ॲपमधून पुसतोय हे आधी बघायचं, मग बोट लावायचं.

जागा करायला मी एकच बटण वापरते: 'फ्री अप स्पेस'. वर सुखरूप पोचलेले फोटो ते स्वतः तपासतं आणि त्यांची फक्त फोनमधली प्रत काढतं. आईच्या फोनवर महिन्यातून एकदा मीच दाबून देते. मात्र त्याआधी बॅकअपचा दर्जा बघून घ्या. 'स्टोरेज सेव्हर' असेल तर वर गेलेला फोटो दाबून लहान केलेला असतो, १६ मेगापिक्सेलपेक्षा मोठा असेल तर तेवढ्यावर आणलेला, आणि व्हिडिओ १०८०पी. अशा वेळी फोनमधली प्रत काढली की मूळ फोटो कायमचा गेला. मोबाइलवर बघायला फरक कळत नाही, पण लग्नाचे फोटो मोठे छापायचे असतील तर कळेल. आम्ही घरचे समारंभ 'ओरिजिनल'मध्ये ठेवतो. जागा झपाट्याने जाते, आणि जाते ती फोटोंनी कमी, विसर्जन मिरवणुकीच्या लांबलचक व्हिडिओंनी जास्त.

दुसरी गोष्ट रेंजची. प्रत फोनमधून गेली की घाटात एसटीत बसून कुणाला फोटो दाखवायचा म्हटलं तर धूसर छोटं चित्र दिसतं आणि वर चक्र फिरत राहतं. आधार कार्ड, रेशन कार्ड, डॉक्टरांची चिठ्ठी असले फोटो मी वेगळे फाइल्समध्ये कॉपी करून ठेवलेत. तहसील कचेरीच्या खिडकीवर वायफाय शोधत बसणार कोण?

एके रात्री आई चष्मा लावून २०१८च्या अष्टविनायकाचे फोटो एकेक करून पुसत बसली होती. "अगं, जागा नाही म्हणतोय ना तो गुगल," असं तिचं म्हणणं. तिला थांबवलं, कारण १ जून २०२१च्या आधी 'हाय क्वालिटी'त (म्हणजे आताच्या 'स्टोरेज सेव्हर'मध्ये) चढवलेले फोटो त्या १५ जीबीत धरलेच जात नाहीत. ते सगळे पुसले तरी जागा तेवढीच. "मग काय पुसू?" व्हिडिओ पूस, म्हटलं. स्टोरेजच्या पानावर मोठ्या फाइली, अंधूक फोटो, स्क्रीनशॉट वेगळे काढून दाखवतात. अर्ध्या तासात काम होतं.

व्हॉट्सॲपवरच्या शुभ सकाळचं काय, हा प्रश्न प्रत्येक घरात येतो. बॅकअपच्या सेटिंगमध्ये कोणते फोल्डर चढवायचे ते निवडता येतं. आईच्या फोनवर व्हॉट्सॲप इमेजेस बंद केलंय, त्यामुळे फुलं आणि सुविचार फोनमध्येच राहतात. पण अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपचा स्वतःचा चॅट बॅकअप २०२४पासून त्याच गुगलच्या जागेत मोजला जातो. त्यातून व्हिडिओ वगळायचा पर्याय व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये आहे, तो लगेच निवडा.

पैसे पुन्हा भरणार आहे, पण एकुलती एक प्रत म्हणून यावर विसंबणार नाही. दोन वर्षं खातं उघडलंच नाही तर त्यातलं सगळं काढून टाकण्याचा हक्क गुगलने राखून ठेवलाय, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांची खाती अशीच पडून असतात. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत टेकआउटने (खात्यातलं सगळं उतरवून घ्यायची गुगलचीच सोय) सगळं उतरवून हार्ड डिस्कवर घेते. ॲपमध्ये सुधारलेली तारीख आणि लिहिलेली माहिती त्यात वेगळ्या जेसन (.json) फाइलींत येते. त्या फाइली कचरा समजून उडवू नका.