आठ महिने फोनमधल्या नकाशावर फिरल्यानंतर

नोकरी बदलली आणि पूर्ण अनोळखी शहरात राहायला आले. पहिल्या दिवसापासून फोनमधल्या नकाशाच्या भरवशावर फिरते आहे, पायी आणि बसने. आठ महिने झाले, आता खात्रीने काही सांगता येईल.

सगळ्यात उपयोगी पडला तो पोहोचण्याच्या वेळेचा अंदाज. गर्दीच्या रस्त्यावर तो दोन-तीन मिनिटांपलीकडे क्वचितच चुकला. पुढे असलेल्या लोकांचे फोन आपापला वेग कळवत असतात, त्यावरून हा हिशेब होतो. त्यामुळे जिथे फोनच कमी, अशा आतल्या गल्ल्यांमध्ये किंवा रात्री उशिरा त्यावर फार विसंबू नये.

निळा ठिपका मोकळ्या आकाशाखाली साधारण 5 मीटरपर्यंत अचूक असतो. उंच इमारतींमध्ये मात्र तो सरळ रस्ता ओलांडून पलीकडे जातो. उपग्रह सुमारे 20,000 किलोमीटर वर असतात आणि निदान चार उपग्रहांचे संदेश यायला किती वेळ लागला, यावरून फोन आपली जागा काढतो. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक म्हणजे 300 मीटरचा फरक. संदेश भिंतीवर आपटून आला की त्याला थोडा जास्त वेळ लागतो आणि ठिपका भरकटतो. हे कळल्यापासून भुयारी स्थानकातून बाहेर आल्यावर मी लगेच बाण बघून चालायला लागत नाही. फोनमधलं होकायंत्र ठीक व्हावं म्हणून फोन हवेत इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवते, वीस पावलं चालते, मग दिशा ठरवते. चुकीच्या बाजूला जाणं जवळजवळ थांबलं.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते. चौथ्या महिन्यात एका संध्याकाळी ऑफिसमधून परतताना फोन बंद पडला. त्या वाटेने मी शंभरेक वेळा गेले असेन. तरी दुसऱ्या चौकात उभी राहिले आणि डावीकडे की उजवीकडे, काही केल्या आठवेना. एका बाईंना विचारून घरी आले, पण ते मनाला फार लागलं. रोजची वाट माझी झालीच नव्हती.

नंतर वाचलं की लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी 2017 साली 24 जणांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. सोहो भागाच्या चित्रित रस्त्यांवरून त्यांना वाट काढायची होती. स्वतः वाट शोधताना नव्या रस्त्यावर वळलं की मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसची, म्हणजे जागा आणि वाटा लक्षात ठेवणाऱ्या भागाची, हालचाल वाढायची. नुसत्या सूचना पाळताना तशी वाढ दिसली नाही. त्या चौकात माझं नेमकं हेच झालं होतं.

मग तीन बदल केले. बोलणारा आवाज बंद. नकाशा आपण वळलो की फिरतो, ते थांबवून उत्तर दिशा कायम वर ठेवली. आणि निघण्याआधी अख्खा रस्ता एकदा बघून फोन पिशवीत. सुरुवातीला जड गेलं, पहिल्या पंधरवड्यात दोनदा उशीर झाला. पण महिन्याभरात रस्ते एकमेकांना जोडले जायला लागले. बसचा मार्ग आणि माझी पायवाट एकाच पुलाखालून जातात, हे मला सहाव्या महिन्यात कळलं!

लोकेशन शेअर करण्याबद्दलही सांगते. आई सुरुवातीला दिवसभर माझा ठिपका बघायची. तिला धीर यायचा, मलाही बरं वाटायचं. पण पावसात आडोशाला थांबले तरी फोन यायचा, "तिथेच का थांबलीस गं?" हळूहळू प्रत्येक थांबण्याचं कारण द्यावं लागायला लागलं. आता आम्ही दोघींनी ठरवलंय, रात्री उशीर झाला तरच, तेही एक तासापुरतं.

ऑफलाइन नकाशा आधीच उतरवून ठेवा, रेंज नसताना तोच कामाला येतो.

माझी खरी तक्रार एवढीच की पायी जाणाऱ्याचा विचार यात कमी आहे. अ‍ॅप मिनिटं मोजतं, वाटेत दिवे आहेत का, फुटपाथ आहे का, हे मोजत नाही. दोन मिनिटं वाचवायला त्याने मला रात्री निर्मनुष्य गल्लीत नेलंय. एका कायम बंद असलेल्या फाटकातून तर ते कित्येक महिने वाट दाखवत होतं. मी तीनदा कळवलं. गेल्या आठवड्यात पाहिलं, तर रेघ आता फाटकाला वळसा घालून जाते.