ज्येष्ठ नागरिक कार्डाच्या नावाखाली माझे 84,400 रुपये गेले

मी सोलापुरात विजापूर रोडला राहतो. वय 71, निवृत्त माध्यमिक शिक्षक. हे लिहिताना लाज वाटते, तरीही लिहितो, कारण आमच्या कट्ट्यावरच्या आणखी दोघांना तसाच फोन येऊन गेला आहे.

मागच्या मंगळवारी दुपारी फोन आला. बोलणाऱ्याने मला ‘सर’ म्हणत माझे नाव, वीजबिलावरचा बारा अंकी ग्राहक क्रमांक आणि गेल्या महिन्याचे 1,840 रुपयांचे बिल अचूक सांगितले. छतावर सौर पॅनेल बसवण्याच्या सरकारी सूर्यघर योजनेत ज्येष्ठांसाठी वेगळा कोटा आला असून 300 युनिट मोफत वीज आणि एसटीचा मोफत प्रवास एकाच कार्डावर मिळेल, नोंदणी फक्त 10 रुपये, असे तो म्हणाला. ज्याला आपले बिल पैशासकट ठाऊक आहे, तो महावितरणचाच माणूस असणार, असे मला वाटले. बिलाचा कागद फाटकाला खोचून जातात आणि तो कोणीही वाचू शकतो, हे तेव्हा सुचले नाही.

मला आजही झोप लागू देत नाही ती पुढची गोष्ट. माझी मुलगी कर्नाटकात कलबुर्गीला असते, हे बोलण्याच्या ओघात मीच त्याला सांगितले, आणि तो लगेच म्हणाला, “सर, कार्ड कलबुर्गीपर्यंत चालेल.” एसटीची सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच असते, 65 पूर्ण झाल्यावर अर्धे तिकीट आणि 75 नंतर मोफत प्रवास, हे ऑगस्ट 2022 पासून मीच कट्ट्यावर दहा जणांना समजावून सांगितले आहे. माझे तर 75 पूर्ण व्हायला अजून चार वर्षे आहेत. त्याच क्षणी फोन ठेवायला हवा होता. पण रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मार्च 2020 पासून बंद आहे, मुलीकडे जायचे म्हणजे दर खेपेला पूर्ण भाडे मोजावे लागते, आणि नवीन काहीतरी सुरू झाले असेल असे मनाने धरून घेतले.

व्हॉट्सअॅपवर फाइल आली. नावाच्या शेवटी ‘एपीके’ होते, म्हणजे ती फोनमध्ये अॅप बसवणारी फाइल होती. उघडताना फोनने ‘अज्ञात स्रोत’ असा इशारा दिला, तेव्हा त्याने सेटिंगमध्ये जाऊन कोणते बटण दाबायचे ते सांगितले आणि मी ते दाबले. अशी फाइल कोणीही पाठवली, अगदी नातेवाइकाच्या नंबरवरून आली, तरी उघडू नका. अॅपमध्ये मी डेबिट कार्डाचा तपशील भरला. ओटीपी मी तोंडाने कोणालाही सांगितलेला नाही; त्याची गरजच पडली नाही, कारण माझे मेसेज ते अॅपच वाचत होते.

बुधवारी पहाटे पाहिले, तर 49,500 आणि 25,000 गेलेले होते. मी 6 वाजून 10 मिनिटांनी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि 6 वाजून 25 मिनिटांनी बँकेच्या हेल्पलाइनला खाते गोठवायला सांगितले. तरीही 6 वाजून 52 मिनिटांनी आणखी 9,900 गेले. शाखेत दहा वाजता गेलो, तर साहेब म्हणाले, “अॅप तुम्हीच घेतलंत ना?” पहिल्या दोन रकमांबद्दल त्यांचे म्हणणे मी ऐकून घेतले. पण रिझर्व्ह बँकेच्या जुलै 2017 च्या परिपत्रकात, कळवल्यानंतरचे नुकसान बँकेने सोसायचे असे स्पष्ट लिहिले आहे, तो कागद मी पुढे केला, तर “वर पाठवतो” एवढेच उत्तर मिळाले आणि पोचही दिली नाही. पोच घेतल्याशिवाय शाखेतून उठू नका. पोलीस ठाण्यात सांगितले, सायबरकडे जा. तिथे सांगितले, शिक्क्याचे स्टेटमेंट आणा. स्टेटमेंट मिळायला दोन दिवस लागले, आणि गुडघेदुखीच्या माणसाला तीन जिने चढायला लावून शेवटी “आता तक्रार ऑनलाइन आहेच की” असे ऐकवले. ज्येष्ठांच्या सन्मानाचे फलक लावणाऱ्या कचेऱ्यांत एकाने खुर्ची पुढे केली नाही.

सूर्यघर योजनेत वयाचा कोणताही कोटा नाही. छतावर पॅनेल बसल्यानंतर अनुदान थेट ग्राहकाच्या खात्यात येते, 3 किलोवॅटला 78,000 रुपये, आणि त्यासाठी फोनवरून कोणी कार्ड देत नाही. एसटीत वयाचा पुरावा म्हणून आधार कार्ड दाखवले की कंडक्टर सवलतीचे तिकीट देतो. पेन्शनच्या खात्याला डेबिट कार्ड जोडून ठेवू नका. मी ते आता बंद केले आहे, पण खात्यात 312 रुपये उरल्यावर.

9,900 रुपयांसाठी सोमवारी बँकेला लेखी अर्ज देणार आहे. दोन प्रती काढल्या आहेत, एक शिक्का मारून परत घेण्यासाठी.